न बांधलेल्या घराचा पाहुणा

लाल प्लास्टिकची खुर्ची डोक्यावर उलटी घालून डोमाजीकाका गल्लीतून निघाले की आमच्या गावानं समजायचं, आज कुणाच्या तरी घराच्या रेघा पडल्या.

घर बांधायचं म्हणजे मिस्त्री आधी मोकळ्या प्लॉटवर चुन्याची फक्की टाकून भिंती आखतो. इथं खोली, इथं स्वयंपाकघर, इथं न्हाणी. मग पूजा होते, नारळ फुटतो आणि पाया खणायला घेतात. रेघा आणि नारळ यांच्या मधला जो वेळ असतो, तो काकांचा. ते प्लॉटपाशी येत, खुर्ची उतरवत, चपला रेघेच्या बाहेर काढून ठेवत. जिथं पुढं दार होणार असेल तिथं उभं राहून हवेतच कडी वाजवत आणि हाक मारत, "हाये का कोनी घरी?"

घरमालक समोरच विटांच्या ढिगावर बसलेला असे. तो म्हणे, "काका, अजून घरच नाई, तं घरी कोन राहीन?"

"मी पाहुना आहो," काका शांतपणे सांगत. "पाहुना आला तं ये म्हना लागते."

तो बिचारा 'या' म्हणे. काका उंच होते. नसलेल्या चौकटीला डोकं लागू नये म्हणून ते वाकत आणि आत शिरत. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जायचं तर दारासाठी सोडलेल्या जागेतूनच जात, मग ती कितीही आडवळणाची असो. एकदा कुणीतरी म्हणालं, "अगा काका, सरळ जा ना, रेघच तं हाये." काका जागेवर थांबले. "भितीतून भूत जाते लेका," म्हणाले, "पाहुना नाई जात."

सगळं घर फिरून झालं की ते पुढच्या बाजूला येत, खुर्ची हातात धरून इकडं तिकडं बघत, आणि मग त्यांचा तो प्रश्न येई, ज्याची आमच्या गावातल्या मिस्त्रींना परीक्षेच्या पेपरासारखी धास्ती असे.

"घर तं झालं. बसाचं कुठी?"

काका गेल्या हिवाळ्यात गेले. ती खुर्ची आता आमच्याकडे आहे. उन्हातान्हातून हिंडून तिचा लाल रंग गुलाबी झाला आहे, आणि एक पाय जरासा वाकला आहे. मी तिच्यावर बसूनच हे लिहिते आहे. लिहिणं पुढं सरकत नाही, पण काका असते तर म्हणाले असते, रेघ हळूच पडली पाहिजे.

माझं माहेर करडीचं. तिथं घरं एकमेकांना टेकून उभी आहेत; एका घरात फोडणी पडली की चौथ्या घरी ठसका लागतो. लग्न होऊन मी इथं आले तेव्हा पहिले काही दिवस मला वाटलं, गावात कुणाचं तरी मोठं दुःख झालं आहे आणि सगळे दारं लावून बसले आहेत. रस्ते रुंद, सरळ. विजेचे खांब ओळीत. आणि त्या सरळ रस्त्यांवर दोन्ही बाजूंनी नुसत्या घरांच्या पाठी. कुठं न्हाणीचं पाणी बाहेर येतं, कुठं भिंतीवर गोवऱ्या थापल्या आहेत, पण दार म्हणून नाही.

त्यामागची गोष्ट मला सासूबाईंनी सांगितली. गोसीखुर्द धरणाचं पाणी जुन्या गावात चढू लागलं, तेव्हा गाव उठून या माळावर आलं. सरकारनं पट्टी ठेवून रेघा मारल्यासारखे प्लॉट पाडून दिले होते. पावसाळा तोंडावर होता. ज्यानं त्यानं घाईनं घर उभं केलं, आणि दार ठेवताना विचार न करता जसं जुन्या घराला होतं तसंच ठेवलं. ज्याचं दार नदीकडं होतं त्यानं नदीकडं ठेवलं. ज्याचं देवळाकडं होतं त्यानं जिकडं देऊळ असायला हवं होतं तिकडं. जुन्या गावाच्या गल्ल्या वाकड्यातिकड्या होत्या, त्यामुळं तिथं ती दारं एकमेकांना भेटत होती. इथल्या सरळ गल्लीत तीच दारं चुकली. कुणाचं दार शेजाऱ्याच्या संडासासमोर उघडलं, कुणाचं समोरच्या बंद भिंतीवर. चूक एकाची नव्हती, सगळ्यांची मिळून होती. म्हणून घरं उभी होईपर्यंत कुणाच्या लक्षातच आली नाही.

काका म्हणत, "नवरीवानी रुसून पाठ करून बसलं सारं गाव. आता समजवाले कोन जाईन?"

समजवायला ते स्वतः गेले. एकेका घराला.

आमचं घर नव्यानं बांधायचं ठरलं तेव्हा त्यांची आणि माझी खरी ओळख झाली. मी पवनीच्या शाळेत मराठी शिकवते, म्हणून ते मला मॅडमबाई म्हणत. माझ्या नवऱ्यानं भंडाऱ्याच्या एका इंजिनिअरकडून नकाशा काढून आणला होता. त्या नकाशावर मीही पुष्कळ डोकं चालवलं होतं. पुस्तकांच्या कपाटाला जागा, खिडकीखाली टेबल. रेघा पडल्या, आणि खुर्ची घेऊन काका हजर.

कडी वाजली. वाकून आत आले. बसले आणि म्हणाले, "मॅडमबाई, पानी आन."

मी हसून समोरून तांब्या देऊ लागले तर त्यांनी हात मागं घेतला. "तशी नाई. तुह्या सैपाकघरातून आन."

मी चुन्याच्या स्वयंपाकघरात गेले आणि तिथून त्यांच्यासारखीच दारादारातून वळत आले. मधे दोन खोल्या, एक बोळ. डोक्यावर ऊन. मी पोचेपर्यंत काकांनी डोळे मिटून मान एका बाजूला टाकली होती.

"काका, पाणी."

"आलं का? मी म्हटलं पाहुना मेला तहानेनं." मग मिस्त्रीकडं वळून, "सैपाकघर एवढं मागं कायले लपवून ठेवलं? हिनं काय चोरी केली?"

त्यानंतर पाणी पिऊन ते हात धुवायला निघाले. न्हाणीच्या चौकोनाभोवती एक फेरी मारली, दुसरी मारली आणि ओले हात पुढं धरून उभे राहिले. चारी बाजूंनी रेघ होती. मिस्त्री न्हाणीला दार ठेवायला विसरला होता. सगळे खो-खो हसले. मिस्त्री ओशाळून पुढं झाला आणि चपलेनं थोडा चुना पुसून त्यानं दार केलं.

"पाहा," काका म्हणाले, "आज भितीले पायानं दार पडते. उद्या घन लागन."

इतक्या वर्षांत मी घरांविषयी बरंच वाचलं, पण रेघांच्या वेळीच का बोलायचं हे इतक्या थोडक्यात मला दुसऱ्या कुणी सांगितलेलं नाही.

शेवटी तो प्रश्न आलाच. आमच्या नकाशात पुढं मोटरसायकलसाठी शेड होती. काकांनी तिथं खुर्ची टेकवली. "गाडीले छपरी हाये, मानसाले नाई?" छपरी म्हणजे घरापुढची, वर पत्रा किंवा कौलं असलेली आणि समोरून मोकळी बसायची जागा. आमच्याकडे तांदूळ निवडणं, भांडणं मिटवणं, सोयरीक जमवणं, सगळं तिथंच होतं. त्यांचं माप ठरलेलं होतं. छपरीत तीन खुर्च्या बसल्या पाहिजेत आणि खुर्चीवरून समोरच्याचा चेहरा दिसला पाहिजे. "नुसता मानूस दिसून काम नाई. तो हसून राहिला का रडून राहिला, ते दिसलं पाह्यजे."

मोटरसायकल बाजूला गेली, छपरी झाली. टेबलावरची खिडकी मात्र मी सोडली नाही. काकांना ती पसंत नव्हती. "पुस्तकं खिडकीतून बाहेर पाहाते का?" असं बरेच दिवस विचारत होते.

काका चुकत नसत असं नाही. चांगले दणकून चुकत. एका घराची छपरी त्यांनी हट्टानं पश्चिमेला ठेवायला लावली. पहिल्याच पावसाळ्यात तिथं गुडघाभर पाणी साचलं आणि बदकं बसली. तिठ्यावर सावली हवी म्हणून भर रस्त्यात कडुनिंब लावायला लावला. धान कापायचं मोठं मशीन आलं ते त्या झाडापाशी अडलं, आणि ड्रायव्हर आणि काका यांचं असं जुंपलं की धान तसंच उभं राहिलं. शेवटी झाड काढून कडेला लावलं. काका तोंडानं 'चुकलं' म्हणाले नाहीत, पण रोज त्या झाडाला एक बादली पाणी घालू लागले.

त्यांच्या नावडीही कडक होत्या. काळ्या काचांच्या खिडक्यांना ते 'चष्मा लावलेलं घर' म्हणत. चकचकीत टाइल्सवर बोट फिरवून म्हणत, "माशी घसरून पडन यावरून." एकदा शहापूरला हायवेवरच्या नव्या बंगल्यात लग्नाला गेले होते. तिथं भलीमोठी छपरी पाहून खूश झाले, खुर्ची ओढून बसले, आणि थोड्याच वेळात कपडे झटकत आत आले. यजमानानं विचारलं, "काय झालं काका?" म्हणाले, "छपरी उत्तम. समोर बसाले कोनी थांबून नाई राहिलं. सारे टरकच."

कुणीतरी ग्रामसभेत तक्रार केली. घर आमचं, पैसा आमचा, हे कोण सांगणारे? हे काय इंजिनिअर आहेत? काका उठून म्हणाले, "इंजिनिअर घर बांधते. मी तं येतो नुसता. उद्या कोनी ना कोनी येईनच ना तुमच्या घरी? मी आधी येऊन पाहातो." सभा हसली. आमच्या सरपंचबाई मोठ्या धोरणी. त्यांनी ठराव मांडला की रेघा पडल्यावर एक दिवस थांबायचं आणि पाहुणा येऊन गेल्याशिवाय पाया खणायचा नाही. "पन पाहुना एकला नाई," त्या म्हणाल्या. "शेजारपाजारचेही पाहुने. अन् काका, तुमचं म्हननं ऐकाचं, पन मानाचंच असं नाई."

त्या दिवसापासून रेघांचा दिवस म्हणजे गल्लीचा सणच झाला. शेजारी येत. तुझ्या न्हाणीचं पाणी माझ्या अंगणात येईल, धान वाळवायला जागा ठेव, शेळ्या कुठं बांधशील, सगळं चुन्यावर उभं राहून बोललं जाई. भांडणंही होत. पण ती भांडणं रेघांची होती, भिंतींची नव्हती. पुसता येत होती.

आणि गाव वळलं. एकदम नाही. झोपेतला माणूस कूस बदलतो तसं, हळूहळू. कुणाला घरकुल मंजूर झालं, कुणाचा मुलगा कमावता झाला, कुणाची भिंत पावसात पडली. जे जे घर नव्यानं उठलं ते गल्लीकडं तोंड करून उठलं. आता संध्याकाळी मी शाळेतून येते तर दोन्ही बाजूंच्या छपऱ्यांतून मला माझ्या साडीचा रंग, माझ्या चेहऱ्यावरचा थकवा आणि माझ्या पिशवीतली भाजी या सगळ्यांवर मतं ऐकत यावं लागतं. करडीत आल्यासारखं वाटतं.

एकच घर वळलं नव्हतं, काकांचं. गल्लीच्या शेवटी एका खोलीचं, पाठ आमच्याकडं, दार दूरच्या पाण्याकडं. कुणाला ते कधी घरी बोलावत नसत. विषय निघाला तर म्हणत, "पाहुन्याचं घर कोन पाहाते?" आम्हीही ते विक्षिप्तपणात जमा करून टाकलं होतं.

मग भागरताकाकूंच्या घराचं काम निघालं.

काकूंचा प्लॉट कोपऱ्यावरचा, तीन गल्ल्या मिळतात तिथं, हातपंपासमोर. नवरा गेल्यापासून त्या एकट्या राहत. मुलगा सुरेश पुण्याला कंपनीत. गुणी मुलगा, रोज फोन करणारा, आईच्या काळजीनं झोप न येणारा. त्यानं आईसाठी दोन मजली घर बांधायचं ठरवलं आणि मोबाइलवर त्याचं रंगीत चित्र दाखवायला आईला घेऊन आमच्याकडं आला. घर चमकत होतं. हिरवळ होती. हिरवळीवर एक गोरीपान बाई केसाळ कुत्रा घेऊन उभी होती.

"हे कोन?" काकूंनी विचारलं.

"कोणी नाही आई. नकाशात असतात अशा."

काकूंनी मोबाइल डोळ्यांजवळ नेला. "अन् मी कुठी आहो?"

सुरेशनं हसून चित्र मोठं केलं. घराभोवती पुरुषभर उंचीच्याही वर जाणारी भिंत, तिच्यावर काचा, आपोआप सरकणारं लोखंडी फाटक, कोपऱ्यात कॅमेरा. "तू आत आहेस आई. सुरक्षित."

रेघा पडल्या त्या दिवशी सगळी गल्ली जमली. इंजिनिअरही आला होता. काका आले, चपला काढल्या, कडी वाजवली, फिरले. घर त्यांनी फारसं खोडून काढलं नाही. जिना चांगला आहे म्हणाले. मग बाहेर येऊन कंपाउंडच्या रेघेपाशी थांबले.

"हे किती उंच?"

मिस्त्रीनं हात वर करून दाखवला.

"ताडपत्री आना."

धान वाळवायची निळी ताडपत्री आली. माझा नवरा आणि मिस्त्री यांनी ती हात वर करून भिंतीच्या उंचीवर ताणून धरली. काकूंना आत एका पालथ्या घमेल्यावर बसवलं. काका बाहेर रस्त्यावर खुर्ची टाकून बसले.

"वहिनी, भाजी काय केली?" त्यांनी बाहेरून विचारलं.

"कोन बोलून राहिला?" ताडपत्रीआडून आवाज आला.

"मी, डोमा."

"आवाज तं येते भाऊजी. तोंड नाई दिसत. तोंडच नाई दिसत तं भाजी कोनाले सांगू?"

सगळे हसले. सुरेश हसला नाही. "काका, तुम्ही नाटक करून राहिले," तो म्हणाला. पुण्याची भाषा रागात गळून पडली होती. "आई एकली राहते येथी. उद्या चोर शिरला तं?"

"चोर शिरला तं या भितीआडून तुह्या मायले पाहीन कोन?"

"कॅमेरा हाये ना! मी पाहीन, पुण्यातून."

"पाहशीन रे बाबू," काका म्हणाले. "पाहशीन तं तू लगेच. पन येशीन कधी?"

सुरेशचा चेहरा उतरला. त्या एका वाक्यानं त्याला कुठं लागलं ते आम्हा सगळ्यांना दिसलं. आणि ज्याला लागतं तो हाताला येईल ते फेकतो.

"गावाले छपऱ्या शिकवत फिरता," तो म्हणाला, "आधी आपलं घर पाहा ना! तुमचीच पाठ हाये गल्लीकडं. तुमच्या घरी बसाचं कुठी, ते सांगा!"

ताडपत्री धरणाऱ्यांचे हात आपोआप खाली आले. काका उठले. चपला घातल्या. खुर्ची डोक्यावर ठेवली आणि निघाले. घराकडं जायचा सरळ रस्ता प्लॉटमधून होता. ते रेघ तुडवत गेले. दाराची जागा हातभर अंतरावर होती, तिकडं त्यांनी पाहिलंही नाही. काका भिंतीतून चालत गेलेले आम्ही पहिल्यांदाच पाहिले.

मग काकू घमेल्यावरून म्हणाल्या, "ताडपत्री धरा अजून. खाली घ्या. अजून. बस. येथी ठेवा." ताडपत्री कमरेच्याही खाली आली होती. काकूंनी एकेकाचं तोंड पाहून घेतलं. "एवढी भित पाह्यजे मले. नाई तं मी जुन्याच घरात बरी आहो."

सुरेशनं खाली मान घातली आणि चुना पायानं पुसत राहिला. इंजिनिअर म्हणाला, एवढीच ठेवायची तर रुंद करू, वरून घोटून घेऊ. लोक बसतील तरी. फाटक साधं झालं. कॅमेरा राहिला, काकू त्याला रोज सकाळी 'जेवला का' विचारतात. ती भिंत आज गावातली सगळ्यात गजबजलेली जागा आहे.

पण काका दिसेनात. दोन ठिकाणी रेघा पडल्या, मिस्त्री वाट पाहून थकले, पाहुणा आला नाही.

मग एका रविवारी सकाळी ते आमच्या छपरीत येऊन उभे राहिले. खुर्ची हातात होती. ती त्यांनी माझ्यापुढं ठेवली.

"मॅडमबाई, आज सुट्टी ना तुले? मंग माह्या घरी पाहुनी येशीन?"

"चला," मी उठले.

"आत्ता नाई. थोड्या वेळानं ये. मी आधी घरी तं पोचाले पाह्यजे." दोन पावलं जाऊन परत फिरले. "खुर्ची पाहुन्यानं आनाची असते."

खुर्ची डोक्यावर घेऊन मी गल्लीतून निघाले. छपऱ्यांतल्या बायका तांदळाची सुपं हातात धरून उभ्या राहिल्या, पण कुणी थट्टा केली नाही.

काकांच्या घराच्या पाठीमागं, म्हणजे गल्लीच्या बाजूला, चुन्याच्या रेघा होत्या. मिस्त्रीच्या नव्हेत, काकांनी स्वतः टाकलेल्या. लहानशी छपरी. आणि मागच्या बंद भिंतीवर कोळशानं एक दार काढलेलं, कडीसकट. काका रेघांच्या आत उभे होते. धुतलेलं धोतर, हात जोडलेले.

मी चपला काढल्या. हवेत कडी वाजवली. "आहे का कोणी घरी?"

इतकी वर्षं हा प्रश्न त्यांनी दुसऱ्यांना विचारला होता. त्यांना तो कुणी विचारला नव्हता. मग सवयीनं, अगदी जुन्या सवयीनं, वळले आणि त्या कोळशाच्या दाराकडं तोंड करून म्हणाले,

"पारबता, पाहुने आले वो. पानी आन."

भिंतीसमोर ते तसेच उभे राहिले. मग मला म्हणाले, "ये, ये. बस." आणि स्वतः खाली मातीवर बसले.

पारबता त्यांची बायको. मी या गावात येण्याआधीच गेलेली. गाव इथं आलं तेव्हा दार नदीकडं ठेवा, असं तीच म्हणाली होती. पाण्याकडं पाहिलं की कुठं आपलं आंगण, कुठं आपली चिंच, हे तिला अंदाजानं सांगता येई. "मी म्हटलं, ठेवू," काका सांगत होते. "रोज दारात बसून पाहे. इकडून गल्लीत मानसं बोलत जात, पन मधात भित. एक दिवस मी धानाच्या बांधीवर गेल्तो. तिले सकाळचा थोडा ताप होता. सांजीले आलो तं दारातच पडून होती." त्यांनी मागच्या भिंतीवर हात ठेवला. "सारा दिवस गल्लीतून लोक गेले असतीन, मॅडमबाई. कोनाची काय चूक? भितीतून दिसते का कोनाले?"

मी विचारलं, "मग दार का नाही फिरवलं, काका?"

"तिनं ठेवलेलं दार हाये ते." मग कोळशाच्या दाराकडं वळून म्हणाले, "ते तसंच राहीन. हे दुसरं पाडाचं म्हनतो. सुरेश बरोबर बोलला."

पाहुणी म्हणून बोलावलं होतं, तेव्हा पाहुणीचं काम करायला हवं होतं. मी खुर्ची इकडं ठेवली, तिकडं ठेवली.

"घर तर झालं, काका," मी म्हटलं. "पण छपरी लहान झाली. एकच खुर्ची बसते."

"मी एकलाच तं आहो."

"आणि पाहुण्यांनी कुठं बसायचं?"

काका माझ्याकडं पाहून पहिल्यांदा हसले. उठले, पायानं पुढची रेघ पुसली, चुन्याची टोपली घेतली आणि मागं मागं सरकत, मधे आत यायला दाराएवढी जागा सोडून, नवी रेघ टाकली. थेट गल्लीच्या नालीपर्यंत. तीन खुर्च्यांचं त्यांचं ठरलेलं माप ती रेघ कधीच ओलांडून गेली होती.

पाया संक्रांतीनंतर घालायचा होता. त्याआधीच, धान घरात येऊन पडलं त्या दिवसांत, सकाळी चहा घेऊन गेलेल्या भागरताकाकूंना काका उठलेले दिसले नाहीत. त्या रोज फेरी मारून जात, म्हणून लगेच कळलं.

तेरवीला आसपासच्या गावांतून माणसं आली. एका खोलीच्या घरात कुणाला बसवायचं? कुणी काही ठरवलं नाही. लोक आपोआप गल्लीभर छपऱ्यांत बसले, काकूंच्या भिंतीवर बसले, आणि जवळची माणसं त्या चुन्याच्या रेघांच्या आत सतरंजी टाकून बसली. मधे पाऊस झाला नव्हता. रेघा तशाच होत्या, आणि त्या दिवशी कुणाचाही पाय त्यांच्यावर पडला नाही. वाढायला जाणाऱ्या बायकासुद्धा दाराच्या जागेतून वळून जात होत्या.

दुपारी सुरेश पुण्याहून आला. पिशवी काकूंच्या भिंतीवर ठेवून तो सरळ इकडं आला. रेघेबाहेर त्यानं बूट काढले. तोही उंच आहे. दाराच्या जागेत उभा राहिला, थोडा वाकला आणि हवेत हात नेऊन थांबला. आम्ही सगळे बघत होतो.

"हाये का कोनी घरी?" तो म्हणाला.

काकू सतरंजीवर जरा सरकून बसल्या. "ये बाबू," त्या म्हणाल्या. "बस. जागा हाये."